ताप येण्याआधीची पाळत

राज्याच्या हिवताप विभागात मी कीटक समाहारक होतो. पहाटे घरात आणि गोठ्यात बसलेले डास शोषकनळीने पकडायचे, दिवसा हौद, रांजण, टायर, टाक्या तपासायच्या, पळीने पाणी काढून अळ्या मोजायच्या, जात ओळखायची, नमुन्याला चिठ्ठी लावायची आणि वर पाठवायचा, हे आमचं काम. निवृत्तीनंतर पुण्यातल्या खराडीत राहायला आलो. इथली तरुण मंडळी सकाळी फिरताना विचारतात, "काका, युरोपात आता डेंग्यू व्हायला लागलाय म्हणे. तिकडे डास पोचले कसे?" आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "आपल्याकडे तर डास आहेतच. मग आपण कशावर लक्ष ठेवायचं?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. नोकरीत आणि नंतर खराडीत राहून मला त्यांची जी उत्तरं मिळाली, ती इथे लिहितो.

१. डास सीमा ओलांडतो तो सामानात बसून

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी जिथे जन्मते तिथून साधारण काहीशे मीटरच्या आतच आयुष्य काढते. समुद्र ओलांडणं तिच्या पंखांना शक्य नाही. तरीही मूळचा आशियातला टायगर डास, म्हणजे एडिस अल्बोपिक्टस, १९७९ मध्ये अल्बानियात सापडला, १९८५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला आणि १९९० मध्ये इटलीच्या जेनोआ बंदरात. ह्यूस्टन आणि जेनोआ या दोन्ही ठिकाणी तो जुन्या टायरमधून आला. वापरलेले टायर जहाजांतून देशोदेशी जातात. टायर उभा ठेवा, आडवा ठेवा, पावसाचं थोडं पाणी आत राहतंच. आत सावली असते, अंधार असतो, वारा लागत नाही. मादी त्याच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवते आणि टायरबरोबर ती अंडी बोटीवर चढतात.

दुसरी वाट आणखी नाजूक. २००१ मध्ये दक्षिण चीनमधून कॅलिफोर्नियात आलेल्या लकी बांबूच्या खेपांमध्ये हाच डास निघाला. पुढे नेदरलँड्सच्या काचगृहांतही तो लकी बांबूबरोबरच पोचला. खराडीतल्या आयटी कंपन्यांमध्ये कितीतरी टेबलांवर हा बांबू काचेच्या भांड्यात उभा असतो. झाड टाकून द्या असं मी कुणाला सांगत नाही. आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून आतून घासा, एवढंच सांगतो.

खराडी, चंदननगर आणि पुढे वाघोलीपर्यंत नगर रस्त्याच्या कडेला टायरची दुकानं, पंक्चरवाले, भंगारवाले आहेत. मी अजूनही तिथे थांबतो. टायर तपासायची रीत अशी: तो हळूच तिरका करायचा, आतलं पाणी एका जागी आणायचं, पळीने काढून पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि थोडं थांबायचं. ट्रे हलला की अळ्या तळाशी जातात. पाणी स्थिर झालं की श्वास घ्यायला वर येतात. घाई करणाऱ्याला टायर स्वच्छ वाटतो.

२. पाणी ओतून दिलं म्हणजे काम झालं असं नाही

एडिसची अंडी पाण्यावर तरंगत नसतात. पाण्याच्या रेघेच्या जरा वर, ओलसर भिंतीला ती चिकटलेली असतात. काळी, मिलिमीटरपेक्षा लहान, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारी. पाणी आटलं तरी ती महिनोन्महिने कोरडी राहून जिवंत असतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. जहाजाच्या लांब प्रवासात ती टिकतात त्याचं कारण हेच, आणि उन्हाळाभर रिकाम्या पडलेल्या पिंपातून जूनच्या पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत डास निघतात त्याचंही कारण हेच.

म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करायचा कोरडा दिवस पाळताना पिंप नुसतं पालथं घालू नये. काथ्याने किंवा ब्रशने आतली भिंत घासावी. विशेषतः पाण्याची रेघ जिथे उमटलेली असते तो पट्टा.

३. आपणही डास पाठवणारे आहोत

परदेशातून काय येईल याची काळजी सगळे करतात. इथून काय गेलं, हे फार थोड्यांना माहीत आहे.

शहरी हिवताप पसरवणाऱ्या आपल्या डासाचं शास्त्रीय नाव ॲनॉफिलिस स्टीफेन्सी. हे नाव विल्यम ग्लेन लिस्टन या डॉक्टरांनी १९०१ साली दिलं, तेही अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरच्या, तेव्हाच्या एलिचपूरच्या, डासांचा वर्षभर अभ्यास करून लिहिलेल्या लेखात. लिव्हरपूलचे हिवताप संशोधक स्टीफन्स यांच्या नावावरून त्यांनी ते ठेवलं. लिस्टन पुढे मुंबईला परळच्या प्रयोगशाळेत आले, जिला आज हाफकिन संस्था म्हणतात. म्हणजे या डासाच्या शास्त्रीय ओळखीची सुरुवात वऱ्हाडातली आहे.

बहुतेक ॲनॉफिलिस डासांना भातखाचरं, ओढे, डबकी लागतात. स्टीफेन्सीला शहर चालतं. विहीर, गच्चीवरची टाकी, बांधकामाचा हौद, स्वच्छ साठवलेलं पाणी असलं की त्याचं भागतं. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला तेव्हा बोट ठेवलं ते घरोघरच्या विहिरींवर. मुंबईत विहिरी बुजवण्याचे किंवा झाकण्याचे आदेश निघाले, त्यावरून धार्मिक भावनांचे वाद झाले, आणि टाकीचं झाकण घट्ट बसलं पाहिजे हा नियम त्या शहराच्या अंगवळणी पडला.

हाच स्टीफेन्सी २०१२ मध्ये आफ्रिकेच्या टोकावरच्या जिबूतीत सापडला. त्या वर्षी जिबूतीत हिवतापाचे २७ रुग्ण नोंदले होते. देश हिवतापमुक्तीच्या उंबरठ्यावर होता. २०२० मध्ये त्याच देशात ७३,००० हून अधिक रुग्ण झाले. २०१६ मध्ये तो इथिओपियात दिसला. तिथल्या दिरेदावा शहरात २०२२ साली, पाऊस नसताना, ऐन कोरड्या दिवसांत हिवतापाची साथ आली आणि तिच्या मुळाशी हा डास निघाला. सोमालिया, नायजेरिया, घाना, केनिया अशी त्याची वाट पुढे सरकत गेली. श्रीलंकेने २०१६ मध्ये हिवतापमुक्तीचं प्रमाणपत्र मिळवलं आणि लगोलग मन्नारमध्ये तिथल्या पथकाला स्टीफेन्सीच्या अळ्या मिळाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये आफ्रिकेसाठी खास मोहीम जाहीर केली. हा डास आफ्रिकेच्या शहरांत सगळीकडे बसला तर आणखी १२ कोटी ६० लाख माणसं धोक्यात येतील, असा एका शास्त्रीय अभ्यासाचा अंदाज आहे.

आफ्रिकेतली हिवताप मोहीम रात्री घरात चावणाऱ्या डासांसाठी बेतलेली आहे: औषधी मच्छरदाण्या आणि भिंतींवर फवारणी. टाकीतून निघणाऱ्या, बाहेरही चावणाऱ्या, बऱ्याच कीटकनाशकांना दाद न देणाऱ्या डासापुढे ती साधनं तोकडी पडतात. तिकडच्या माणसांना आता टाकीची झाकणं बसवायला शिकावं लागतंय. ते काम आपण शंभर वर्षं करत आलो आहोत. आपल्याला येणारी ही गोष्ट त्यांना सांगणं, दाखवणं, आपले लोक तिकडे पाठवणं, हे मला आपलं कर्तव्य वाटतं.

खराडीत स्टीफेन्सीला हवं ते सगळं आहे. नवे मनोरे उठतात, स्लॅब टाकला की पाळ घालून पाणी साठवतात, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचतं, तळघरात झरे लागतात, मजुरांच्या वस्तीत पाण्याचे ड्रम उघडे असतात. मजूर झारखंड, ओडिशा, छत्तीसगडमधून येतात आणि त्यांतले काही हिवतापाच्या भागातले असतात. डास इथला, जंतू तिथून आलेला, आणि दोघांची गाठ पडते ती एकाच प्लॉटवर. त्यात मजुराचा काडीमात्र दोष नाही. तो आजारी पडला तर त्याची मजुरी बुडते, उपचार उशिरा होतो, आणि सगळ्यात आधी तोच भोगतो. गोव्यात बांधकामाच्या मजुरांची रक्ततपासणी करून त्यांना हेल्थ कार्ड द्यायची पद्धत फार पूर्वीच सुरू झाली. कामावर घेतानाच रक्ततपासणी आणि मोफत उपचार, ही गोष्ट खराडीतल्या प्रत्येक साईटवर हक्काने मिळायला हवी.

४. डास आणि विषाणू वेगवेगळ्या गाडीने येतात

"आपल्याकडे डास आहेतच" या वाक्यातली खोच इथे आहे. डास असला म्हणजे अर्धी तयारी झालेली असते. उरलेली अर्धी एका प्रवाशाच्या रक्तातून येऊ शकते.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्या सोलापूर रस्त्यावर आहे. भारतात चिकुनगुन्याची पहिली मोठी साथ १९६३ मध्ये कलकत्त्यात आली. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत मोठी साथ झाली. मग तीस वर्षांहून अधिक काळ हा आजार जवळपास दिसेनासा झाला. डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीने त्याचा रुग्ण पाहिला नाही. आणि २००५-०६ मध्ये तो देशभर उसळला. एकट्या २००६ मध्ये १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. सांधे धरून बसलेली खेडीच्या खेडी मी त्या वर्षी पाहिली आहेत. दाराशी उभं राहून आवाज दिला तरी आतून उठून यायला माणसाला वेळ लागायचा.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, एनआयव्हीने, त्या साथीतले विषाणू तपासले. बार्शीचा विषाणू आशियाई वंशाचा होता. नवा आफ्रिकी वंशाचा निघाला. आणि आणखी एक गोष्ट पुढे आली. २००० साली पुणे जिल्ह्यातल्या यवतमध्ये पकडलेल्या एडिस इजिप्ती या एडिसच्याच दुसऱ्या जातीच्या डासांमधून एक चिकुनगुन्या विषाणू वेगळा करून ठेवलेला होता. तोही आफ्रिकी वंशाचाच. म्हणजे साथ उसळण्याच्या पाच वर्षं आधी, खराडीपासून तासाभराच्या अंतरावर, त्या वंशाचा विषाणू डासाच्या अंगात फिरत होता.

मी हे फार मनाला लावून घेतलं आहे. यवतच्या एखाद्या घरात, भिंतीवर बसलेल्या डासांवर कुणीतरी शोषकनळी धरली. नळीत डास ओढले, कुपीत सोडले, कापूस लावला, चिठ्ठीवर गाव आणि तारीख लिहिली. ती कुपी जपली गेली म्हणून पुढे हे कळू शकलं. आमच्या कामाचं मोल विचारणाऱ्याला मी यवतची कुपी सांगतो. आणि त्याच वेळी हेही सांगतो की डासांतले विषाणू नियमित, दर हंगामाला तपासण्याची व्यवस्था सगळीकडे असायला हवी. ती डेंग्यूच्या साथीत घाईने उभी करता येत नाही.

विषाणू इथून बाहेरही जातो. २००७ च्या उन्हाळ्यात इटलीत राव्हेन्नाजवळच्या दोन लहान गावांत चिकुनगुन्याची साथ आली, दोनशेहून अधिक रुग्ण झाले. तिची सुरुवात केरळमधून आलेल्या एका पाहुण्यापासून झाली. टायगर डास तिथे जेनोआच्या टायरनंतर सतरा वर्षांत पसरून बसलेला होताच. युरोपातल्या त्या पहिल्या साथीत डासही आशियातला आणि विषाणूही आशियातून गेलेला.

लोहगावचा विमानतळ खराडीच्या शेजारी आहे. विमानतळ आणि बंदरांच्या भोवती किमान ४०० मीटरचा पट्टा रोगवाहक कीटकांपासून मुक्त ठेवावा, असा आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम आहे. भारतात पिवळा ताप अजून आलेला नाही, पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती घराघरात आहे. म्हणून आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पिवळ्या तापाच्या देशांतून येणाऱ्याकडे लशीचं प्रमाणपत्र मागतात आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. केनियाला किंवा नायजेरियाला प्रकल्पासाठी जाणारी मुलं माझ्या ओळखीत आहेत. त्यांना हा कागद कटकट वाटतो. मी त्यांना एडिसच्या अळ्या दाखवतो, त्यांच्याच सोसायटीतल्या.

५. रुग्ण सापडेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो

जून २०२४ मध्ये पुण्यातल्या एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले. मग मुंढवा, पाषाण, खराडी अशी नावं यादीत येत गेली. वर्षअखेरीपर्यंत शहरातला आकडा शंभरापुढे गेला, आणि त्यात गरोदर स्त्रियांची संख्या मोठी होती, कारण त्यांचे नमुने मुद्दाम तपासले गेले.

झिकाची लागण झालेल्या पाचांपैकी साधारण चौघांना काही लक्षणंच नसतात. उरलेल्याला बारीक ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल. माणूस दवाखान्यात जात नाही, गेला तरी झिकाची तपासणी होत नाही. पण गरोदरपणात लागण झाली तर गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं जन्मू लागली तेव्हा जगाला हे कळलं. रुग्णांची संख्या पाहून आपण निर्धास्त झालो तर सगळ्यात महत्त्वाचे रुग्ण नजरेआड राहतात.

महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. गावात तापाचे रुग्ण वाढले, नमुने एनआयव्हीकडे गेले, म्हणून तो सापडला. बेलसर दुष्काळी पट्ट्यातलं गाव. पाणी साठवल्याशिवाय तिथे दिवस निघत नाही. खराडीतही टँकरवर चालणाऱ्या इमारती आहेत. नळाला रोज पुरेसं पाणी आलं असतं तर निम्मी पिंपं भरून ठेवावीच लागली नसती. डासांवरच्या कुठल्याही भाषणात पाणीपुरवठ्याचा विषय आला नाही तर ते भाषण मला अपुरं वाटतं.

माझ्या शेजारच्या इमारतीतली एक सून, शहरात झिका पसरला त्या पावसाळ्यात, पाच महिन्यांची गरोदर होती. तिच्या सासूबाई मला दाराशी थांबवून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही एकदा आमचं घर बघून जा. नुसतं सगळं ठीक आहे म्हणू नका, बघून जा." फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये आणि बाल्कनीतल्या कुंडीखालच्या ताटलीत अळ्या मिळाल्या. गच्चीवर एका वापरात नसलेल्या कुलरमध्येही. त्या दिवशी सासूबाईंनी स्वतः इमारतीतल्या प्रत्येक घराची बेल वाजवली. कुठल्याही परिपत्रकाने त्या इमारतीत एवढं काम झालं नव्हतं.

६. सगळ्यात जास्त दिसणारा डास सगळ्यात जास्त धोक्याचा नसतो

फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडीच्या नदीकाठावर कीटकांचे उंच फिरते खांब उठलेले व्हिडिओ देशभर पाहिले गेले. मुळा-मुठेत जलपर्णी माजली होती, पाणी सांडपाण्याचं होतं. लोक घाबरले आणि संतापले, ते योग्यच होतं. अशा घाणीशेजारी कुणाला राहावं लागू नये. मात्र नुसत्या व्हिडिओवरून ते डास की चिलटं हे ओळखता येत नाही. आणि असे थवे बहुतेक नरांचे असतात, नर चावत नाही.

नदीच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. तो रात्रीची झोप मोडतो आणि हत्तीरोगाचा वाहक आहे, त्यामुळे त्याला क्षुल्लक समजू नये. पण डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका पसरवणारा एडिस नदीत वाढत नाही. तो स्वच्छ पाण्यात, आपल्या घरात वाढतो, दिवसा चावतो, आवाज फारसा करत नाही. व्हिडिओत तो येणार नाही. जलपर्णी काढा ही मागणी करत असतानाच गच्चीवर चढून यावं लागतं.

ओळख सोपी आहे. काळ्या अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे म्हणजे एडिस. पाठीवर वीणेच्या आकाराची पांढरी खूण असेल तर इजिप्ती, मधोमध एकच सरळ पांढरी रेघ असेल तर टायगर डास. अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली असेल तर ॲनॉफिलिस, डोकं खाली करून तिरकी लटकत असेल तर क्युलेक्स किंवा एडिस. शाळेतली मुलं हे लगेच शिकतात. मोठ्यांना जास्त वेळ लागतो.

७. धुराची गाडी आली म्हणजे पाळत झाली असं नव्हे

धुराने त्या वेळी उडत असलेले काही डास मरतात. अळ्या, कोष आणि अंडी तशीच राहतात. साथीच्या वेळी रुग्णाच्या घराभोवती धुराचा उपयोग आहे, बाकी वेळी तो मनाला दिलासा आहे. अळ्या खाणारे गप्पी मासे हौदात, कारंज्यात, बांधकामाच्या टाक्यांत जरूर सोडा. नदी, ओढा, तळ्यात सोडू नका. गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेचे आहेत, आणि नैसर्गिक पाण्यात ते इथल्या लहान माशांच्या मुळावर येतात.

८. दार उघडणारा माणूस हाच खरा मदतनीस

तपासणीला आलेल्या कर्मचाऱ्याला खराडीतल्या मोठ्या संकुलांमध्ये सुरक्षारक्षक फाटकावरच थांबवतो. ॲपवर नाव नाही, कुणी परवानगी दिली नाही, उद्या या. महापालिकेने हंगामी घेतलेली ही मुलं-मुली दिवसभर उन्हापावसात जिने चढतात. त्यांना पाणी विचारणारं घर क्वचितच भेटतं. एका संकुलात मी स्वतः समितीच्या लोकांशी बोललो. म्हणालो, "यांना आत घ्या. हे दंड करायला नाही, बघायला आलेत." अध्यक्ष म्हणाले, "आमच्याकडे पेस्ट कंट्रोल आहे, काका." मी त्यांना क्लबहाऊसमागच्या डक्टमध्ये घेऊन गेलो. एसीचं पाणी साचलेल्या बादलीत अळ्या वळवळत होत्या. त्यानंतर त्यांनी फाटकावर लेखी सूचना लावली.

बांधकामावर मी मुकादमाशी आधी बोलतो. इंजिनिअरला कागद कळतो, मुकादमाला कुठल्या मजल्यावर पाणी आहे ते माहीत असतं. "दादा, कितव्या स्लॅबला पाणी बांधलंय?" एवढं विचारलं की तो स्वतः पुढे होऊन दाखवतो.

९. "नाही सापडलं" हेही लिहून ठेवायचं, आणि सापडलं तर त्याच आठवड्यात हलायचं

वहीत अळ्या मिळालेली घरं लिहितात तशी न मिळालेलीही लिहिली पाहिजेत. शंभर घरांत किती घरांत अळ्या, यावरून हाऊस इंडेक्स निघतो. शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती, यावरून ब्रेटो इंडेक्स. न मिळालेली घरं गाळली तर आकड्याला अर्थ राहत नाही. आणि नवा डास कधी आला हे सांगायचं तर तो अमुक तारखेपर्यंत इथे नव्हता याची नोंद हवी. ही नोंद लिहिताना कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे. नव्या मुलांना मी सांगत असे की रिकामी रेघ ओढू नका, शून्य लिहा आणि सही करा.

सापडल्यावर काय करायचं याच्या दोन हकिकती मी प्रशिक्षणात नेहमी सांगायचो. मार्च १९३० मध्ये ब्राझीलच्या नाताल शहरात रेमंड शॅनन या कीटकशास्त्रज्ञाला आफ्रिकेतल्या ॲनॉफिलिस गॅम्बीच्या अळ्या दिसल्या. डाकारहून येणाऱ्या वेगवान जहाजांतून तो डास आला असावा. धोक्याची सूचना गेली, पण हवं तसं काम झालं नाही. १९३८ मध्ये ईशान्य ब्राझीलमध्ये हिवतापाने हजारो माणसं दगावली. मग फ्रेड सोपर यांच्या मोहिमेने डबकं न् डबकं तपासून १९४० पर्यंत तो डास तिथून समूळ नाहीसा केला. दुसरी हकिकत न्यूझीलंडची. १९९८ मध्ये नेपियरजवळ ऑस्ट्रेलियातला खाऱ्या दलदलीचा एक एडिस डास आढळला. सरकारने लगेच पैसा आणि माणसं लावली, वर्षानुवर्षं तपासणी सोडली नाही आणि २०१० मध्ये निर्मूलन जाहीर केलं. पहिल्या हकिकतीत आठ वर्षं गेली ती माणसांच्या जिवावर.

१०. सामान्य माणसाच्या डोळ्यांची नोंद शास्त्राला हवी असते

माझी भाची बार्सिलोनाजवळ राहते. टायगर डास त्या भागात २००४ साली प्रथम नोंदला गेला. तिकडे २०१४ पासून मॉस्किटो अलर्ट नावाचं ॲप आहे. लोक डासाचा फोटो आणि जागा पाठवतात, कीटकशास्त्रज्ञ तो पाहून जात सांगतात. २०१८ मध्ये स्पेनच्या अस्तुरियास भागात एडिस जपोनिकस ही नवी जात आहे, हे अशाच एका नागरिकाच्या फोटोमुळे कळलं. भाचीने पाठवलेल्या फोटोला उत्तर आलं तेव्हा तिने ते मला वाचून दाखवलं. नोंद घेतली, जात अमुक, आभार. तिला फार आनंद झाला होता.

आपल्याकडे मोबाईल प्रत्येकाच्या हातात आहे आणि खराडीसारखी उपनगरं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलांनी भरलेली आहेत. मराठीत, सोप्या चित्रांसह, उत्तर देणारी अशी व्यवस्था पुण्यात उभी राहिली तर मी रोज फोटो ओळखायला बसेन. उत्तर मिळणं यात सगळ्यात महत्त्वाचं. लोकांनी पाठवायचं आणि पलीकडून काहीच यायचं नाही, असं झालं की दुसऱ्यांदा कुणी पाठवत नाही.

११. अळ्या मिळाल्या तर

पाणी लगेच ओतून देऊ नका. आधी थोड्या अळ्या त्याच पाण्यासह झाकणाच्या बाटलीत घ्या. झाकण घट्ट लावा, आत अर्धी हवा राहू द्या. बाटलीवर तारीख, इमारत, मजला आणि कशात सापडल्या ते लिहा: कुंडीची ताटली, ड्रम, डक्ट, लिफ्टचा खड्डा, जे असेल ते. भांडं कशाचं होतं हे लिहायला लोक विसरतात आणि आम्हाला तेच सगळ्यात जास्त हवं असतं. उरलेलं पाणी कोरड्या जमिनीवर किंवा गच्चीवर उन्हात ओता, गटारात नको. भांडं घासून पालथं ठेवा. बाटली दुसऱ्या दिवसाच्या आत नगर रस्ता-वडगाव शेरी क्षेत्रीय कार्यालयातल्या कीटक प्रतिबंधक कर्मचाऱ्यांकडे पोचवा, आणि त्यांनी वहीत नोंद केलेली स्वतः बघून या.